घरगुती अर्थाने परके

मार्केट यार्डात दिवसभर मी हळदीच्या पोत्यांची वजनं लिहिते,
मग सायकल, मग लॉ कॉलेजचा संध्याकाळचा वर्ग.
सांगलीची हळद साबणाला दाद देत नाही.
माझ्या राज्यघटनेच्या कडा पिवळ्या आहेत.

त्या बुधवारी मुजावर सरांनी फळ्यावर
पाच ठिपके काढले, एकमेकांपासून लांब लांब,
आणि मधल्या काळ्यावर हात फिरवून म्हणाले, हा समुद्र.

ही अमेरिकेची बेटं.
झेंडा तिचा, चलन तिचं, छावणी तिची,
सैन्यात पोरं इथली, हौसेने जाणारी.
पण अध्यक्ष निवडायला इथल्या माणसाला मत नाही.
दिल्लीसारखं त्यांचं जे काही आहे तिथं
एक जण पाठवायचा, तो बोलणार,
मोजणीच्या वेळी त्याचा हात मोजायचा नाही.
एका बेटावर तर जन्मून नागरिकसुद्धा होत नाही कुणी,
नुसता त्यांचा होतो.

मूळ भांडण संत्र्यांचं, सर म्हणाले.
बेटावरून आलेल्या पेट्यांवर जकात घ्यायची का नाही.
कोर्टाने घ्या म्हटलं,
आणि एका न्यायमूर्तीने लिहून ठेवलं एक वाक्य,
जे मराठीत करताना सर खडू हातात धरून थांबले:
बेट देशाचं आहे, देशात नाही.
घरगुती अर्थाने परकं.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
परीक्षेला येणार नाही हे, सर म्हणाले,
माहीत असावं आपलं.

मी ते वाक्य दोनदा उतरवलं.
दुसऱ्यांदा अक्षर बिघडलं.

आमचं गाव वारणेच्या धरणात गेलं तेव्हा
आम्हाला इकडे तासगाव रस्त्याला आणून ठेवलं,
चाळीस उंबरे, वसाहत क्रमांक तीन.
शेजारच्या गावाचा पाइप आमच्या दारावरून जातो,
व्हॉल्व्ह त्यांच्या चौकात.
त्यांच्या ग्रामपंचायतीच्या यादीत आम्ही नाही,
आणि आमची ग्रामपंचायत
मासे चालवत असतील तर चालवत असतील.
आमदाराला मत आहे, खासदाराला आहे.
दिवाबत्तीला नाही.
नवलूला भरतीसाठी दाखला हवा होता,
तो मात्र एका दिवसात मिळाला,
साहेबाने चहा पाजून दिला.

आणि धाकू चुलता वारला श्रावणात,
त्याच्या नोंदीचा कागद अजून हिंडतोय.
हे म्हणतात, आमच्या हद्दीत नाही.
ते म्हणतात, मूळ गावचा दाखला आणा.
बा म्हणतो, "मेलाय त्यो. आमी बघितलाय.
आनि कुनाला बघायचाय?"

"सर," मी उभी राहिले,
"त्या बेटांवर मेलेल्याची नोंद कुठं होते?"
सरांनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा तसाच ठेवला टेबलावर.
"माहीत नाही झोरे. बघून सांगतो."

बघून सांगतो म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत.
पण पुढच्या बुधवारी, हजेरीच्या आधीच,
सर दारात थांबवून म्हणाले,
"तिथंच होते. बेटावरच.
त्यांची स्वतःची नोंदवही असते."

म्हणजे एका वहीने
ते आमच्या पुढे आहेत.

घरी जाताना मी पुस्तकांच्या दुकानातून
दोनशे पानी घेतली, जाड पुठ्ठ्याची.
बाने स्टुलावर दिवा ओढला.
रकाने मी पाडले, यार्डात पाडते तसेच:
नाव, वय, तारीख, ठिकाण.
धाकू रामा झोरे. वय अंदाजे सत्तर.
ठिकाणापाशी बा म्हणाला, "थांब."
बराच वेळ थांबले.
म्हशीने बाहेर दावं ओढलं.
"हितं," तो म्हणाला. "हितं असं लिही."

सही कुणी करायची ते ठरायचंय अजून.
सकाळी चौघे-पाचजण येणार आहेत,
एकाने शिक्का करून आणतो म्हटलंय, त्याला नको म्हणून सांगायचंय,
गुन्हा होईल तो.
पान वाळवायला म्हणून मी वही उघडी ठेवली
तर समासात माझा अंगठा उठलेला,
पिवळा.